गवताच्या पुढची ओळ

"तिन्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

नेमकी कुठली रक्तवाहिनी खराब आहे, असं मी विचारलं होतं. उत्तर एका शब्दात मिळालं. समोरच्या पडद्यावर माझंच हृदय धडधडत होतं आणि त्याच्या अंगावरच्या बारीक काळ्या फांद्या मधेच कुणी कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. डॉक्टरबाईंनी पेनाच्या टोकानं तीन जागा दाखवल्या. "याला ट्रिपल व्हेसल डिसीज म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य वाहिन्या असतात. तुमच्या तिन्ही अरुंद झाल्यात. स्टेंटनं भागणार नाही. बायपास करावी लागेल, आणि लवकर."

शेजारी माझी बायको सुमती बसली होती. तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला. मी मात्र हसलो. सदतीस वर्षं शाळेत पीटी शिकवलेल्या माणसाला त्याच्याच हृदयानं अशी दांडी मारावी, याचं हसू आलं असावं.

"डॉक्टर, दीड महिन्यानं मला सत्तर पूर्ण होतात," मी म्हणालो.

"अरे वा! मग वाढदिवस नव्या रक्तवाहिन्यांनी साजरा करा," त्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं, मी वाढदिवसाचं सांगतोय. मी त्यांना माझी मुदत सांगत होतो.

ही मुदतीची भानगड कळायला माझ्याविषयी थोडं सांगावं लागेल. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. नोकरीमुळे पनवेलला आलो आणि इथलेच झालो. सुकापूरला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. चर्चच्या मंडळीत मी एल्डर आहे, म्हणजे पाळकांच्या हाताखाली कामं सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक. आमच्या पाळकसाहेबांकडे तीन ठिकाणच्या मंडळ्या. त्यामुळे कुणी प्रभूकडे गेलं, की पेटीपासून कबरीपर्यंतची व्यवस्था माझ्याकडे येते. खणणाऱ्यांना सांगायचं, गाणी ठरवायची, शास्त्रवाचन कुणी करायचं ते नेमून द्यायचं आणि मुख्य म्हणजे वेळ पाळायची. पीटीचं स्टॉपवॉच दफनाच्या वेळीही माझ्या खिशात असायचं. चाळीस मिनिटांत दफनविधी आटोपणारा एल्डर अशी माझी ख्याती होती आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा अभिमान होता. लोक उन्हात उभे असतात, त्यात म्हातारी माणसं असतात. कुणीतरी शिस्त लावायलाच हवी.

त्यामुळे माणसाचं आयुष्य किती थोडकं, हे सांगणारी शास्त्रातली सगळी वचनं मला तोंडपाठ. माणूस गवतासारखा, सकाळी टवटवीत आणि संध्याकाळी सुकलेला. माणूस म्हणजे वाफ, जराशी दिसते नि नाहीशी होते. त्याचे दिवस चार बोटांएवढे. आणि आमच्या आयुष्याची वर्षं सत्तर, असं सांगणारं ते स्तोत्र. ही वचनं मी दुसऱ्यांच्या कबरींच्या काठावर उभं राहून इतक्या वेळा म्हटली होती, की ती माझ्याविषयीही असू शकतील हे डोक्यातच आलं नव्हतं.

फक्त सत्तरचा आकडा तेवढा डोक्यात बसला होता. माझे आजोबा सत्तराव्या वर्षी गेले, वडीलही सत्तराव्याच. त्यामुळे आमच्या घराण्याला ते वचन शिक्का मारून दिलेलं आहे, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली होती. कुणाला बोललो नव्हतो इतकंच.

आता आजार सुरू कसा झाला ते सांगतो, कारण ज्यांना पुढे कधी हे भोगावं लागेल त्यांना ते उपयोगी पडेल. माझ्या छातीत कधीही कळ आली नाही. दुखत होता तो जबडा. डावीकडचा, खालचा. पहिल्यांदा दुखला तो एका दफनाच्या वेळी. पेटीला खांदा दिला होता आणि चढावर असताना दाढेत ठणका सुरू झाला. पेटी खाली ठेवली, ठणका थांबला. मी म्हटलं, दाढ किडली. मग जिना चढताना दुखायला लागली, भाजीची पिशवी उचलताना दुखायला लागली. बसलो की गप्प. दोन महिने मी लवंग चघळत हिंडलो.

शेवटी दातांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगा होता. त्यानं दाढेवर टकटक केली, एक्स-रे काढला आणि म्हणाला, "काका, दाढ ठणठणीत आहे. दाढ कधी दुखते? चालताना? मग माझ्याकडे काय करताय? आत्ताच्या आत्ता ईसीजी काढा." त्या पोराचे माझ्यावर उपकार आहेत. श्रम केल्यावर जबडा, खांदा किंवा पाठ दुखत असेल आणि बसल्यावर थांबत असेल, तर लवंग चघळू नका.

ईसीजीनंतर टूडी एको झाली. ही सोनोग्राफीसारखीच तपासणी, हृदयाची. त्यात इजेक्शन फ्रॅक्शन नावाचा आकडा येतो. एका ठोक्यात हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, तो हा आकडा. चांगल्या हृदयाचा साठाच्या आसपास असतो, माझा पस्तीस निघाला. शाळेत मी पस्तीस मार्कांना काठावर पास म्हणायचो. मग अँजिओग्राफी, म्हणजे मनगटातून बारीक नळी घालून, रंग सोडून काढलेला सिनेमा. आणि मग तो शब्द, तिन्ही.

घरी येऊन मी सुमतीला सांगितलं, की ऑपरेशन करायचं नाही.

"का?"

मी शास्त्र काढलं. सत्तर वर्षं दिलीत, ती भरत आली. देणाऱ्यानं दिलं, आता ओढाताण कशाला? माझी श्रद्धा आहे, मला भीती नाही. असं बरंच बोललो. आवाजही दफनाच्या वेळचा लावला होता.

सुमती डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "पुढचं म्हणा," ती म्हणाली.

"पुढचं काय?"

"सत्तरच्या पुढचं. तिथे पूर्णविराम नाहीये. शक्ती असेल तर ऐंशी, असं आहे."

"त्याच्या पुढे कष्ट नि दुःख आहे, तेही वाच."

"मग ऐंशीपर्यंत करू कष्ट. आजवर काय गादीवर लोळत होतो?"

"शक्ती कुठंय? पस्तीस टक्के आहे."

"म्हणून तर दुरुस्त करून घ्या म्हणतायत!" तिनं ताट बाजूला सरकवलं. मग ती जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. "अहो, तुम्ही गेलात तर तुमचं भलंच होईल, याबद्दल मला शंका नाही. तुम्ही प्रभूकडे जाल. मी कुठे जाणार? मी इथेच, सुकापूरला, तिसऱ्या मजल्यावर."

ती रडली नाही. ती रडली असती तर मी समजूत काढली असती, ते काम मला सवयीचं आहे. तिनं डाळीचं ताट पुन्हा पुढे ओढलं. तेव्हा मी खरं बोललो. म्हणालो, "सुमती, मला भीती वाटते. छाती फाडतात गं." इतकी वर्षं मरणाच्या दारात लोकांना धीर देणारा मी हे बोलत होतो. तिनं माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "मलाही वाटते. चला, दोघं मिळून घाबरू." दुसऱ्या दिवशी मी संमतीच्या कागदावर सही केली.

भरती व्हायच्या आधी चार दिवस हातात होते. माझ्यासारख्या माणसाला चार दिवस रिकामे दिले, की तो यादी करतो. ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं तर माझा दफनविधी कोण चालवणार? दुसऱ्या एल्डरचा मला भरवसा नव्हता, ते लांबण लावतात. म्हणून मी एका कागदावर सगळा क्रम लिहून काढला. पहिलं गाणं, प्रार्थना, शास्त्रवाचन सुमतीनं करायचं, दुसरं गाणं, मग 'सरांविषयी चार शब्द', ते शांतवननं बोलायचे, शेवटचं गाणं. प्रत्येकापुढे मिनिटं घातली. एकूण अडतीस.

शांतवन म्हणजे आमच्या गायनमंडळाचा प्रमुख. विचुंब्याला राहतो, पेटी सुरेख वाजवतो आणि स्वभावानं इतका सरळ, की त्याला कुणी उपरोधानं बोललं तरी तो आभार मानतो. मी त्याला बोलावलं आणि पाकीट हातात दिलं. सांगायचं होतं, की बाबा रे, हा माझ्या दफनाचा क्रम आहे. पण इतक्या घरांत सहज उच्चारलेला तो शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेना. शेवटी म्हणालो, "माझ्यासाठीची गाणी आहेत. नीट तयारी करून ठेव." कागदावरही वर मी नुसतं 'उपासनेचा क्रम' एवढंच लिहिलं होतं. हात धजला नव्हता.

"सलाम सर, काही काळजी करू नका," शांतवन म्हणाला. "अशी तयारी करतो की तुम्ही ऐकत राहाल."

ते शब्द ऐकून मला जरा विचित्र वाटलं होतं. पण मी त्याला तसाच जिन्यापर्यंत पोचवून आलो.

ऑपरेशनबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण मी तिथे असून नव्हतो. बायपास म्हणजे काय ते एवढंच: रस्ता बंद पडला तर शेजारून वळणरस्ता काढतात, तसं पायातली एक शीर आणि छातीच्या आतली एक रक्तवाहिनी घेऊन अडलेल्या जागेच्या पुढे जोडतात. छातीचं मधलं हाड उघडतात आणि नंतर तारेनं बांधतात. सुमती बाहेर साडेपाच तास बसली होती. नंतर मी तिला विचारलं, काय प्रार्थना केलीस? म्हणाली, "नुसतं ऐंशी, ऐंशी म्हणत होते."

शुद्ध आली तेव्हा घशात व्हेंटिलेटरची नळी होती, म्हणजे यंत्रानं श्वास देणारी. बोलता येत नव्हतं. बायपासच्या रुग्णांनो, या नळीची भीती बाळगू नका, फक्त तिच्याशी भांडू नका. माझी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. मी पहिला शब्द बोललो तो "किती वाजले?" असा. सिस्टर म्हणाली, "हे नक्की पीटीचे सर आहेत."

मग आली फिजिओथेरपिस्ट, चोविसेक वर्षांची मुलगी. तिनं माझ्या हातात स्पायरोमीटर दिला. तीन कप्प्यांत तीन रंगीत चेंडू असतात, नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर न्यायचे. भुलीमुळे फुप्फुसं आळसावतात, ती उघडायला हे लागतं. पहिल्या दिवशी माझा एक चेंडू जेमतेम हलला. ती म्हणाली, "सर, अजून एकदा. चला, एक, दोन, तीन..." मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी आकडे म्हटले. माझ्यासाठी कुणी म्हणत होतं ते पहिल्यांदाच. माणूस केवळ एक श्वास आहे असं मी कितीदा सांगितलं होतं. पण एक श्वास घ्यायला एवढी मेहनत लागते आणि तो आला की एवढा आनंद होतो, हे मला कुठे माहीत होतं?

खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची, कुशीवर वळायचं नाही, हातावर जोर देऊन उठायचं नाही. हे नियम सहा-आठ आठवडे पाळायचेच. आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येतं. मला नाश्त्याचा उपमा बघून आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "होतं असं. जाईल." आणि ते गेलं.

तिसऱ्या दिवशी मला वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवर हिराजीदादा होते. उरणकडचे कोळी, स्वतःची बोट असलेले, वय माझ्याएवढंच. त्यांची बायपास माझ्या दोन दिवस आधी झाली होती. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा आपल्या हातानं करायचीच, एवढा एकच ध्यास. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "मास्तर, तुमच्या धर्मात मानसाला काय म्हनतान? म्हंजे, कशासारखा हाय मानूस?"

माझा हातखंडा विषय. मी उशी छातीशी धरून सांगितलं, "वाफेसारखा, दादा. जरा वेळ दिसते आणि मग नाहीशी होते."

हिराजीदादा छताकडे बघत म्हणाले, "वाफ, व्हय? ती तं जानारच. पन तिच्यावरच भात शिजतो ना, मास्तर?"

इतक्या वर्षांत त्या वचनावर मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी, भेटायच्या वेळेत, शांतवन आला. मागे गायनमंडळातली तिघं. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. सिस्टरकडून त्यांनी दहा मिनिटं मागून घेतली होती. वाजवायला परवानगी नव्हती, म्हणून नुसतं गाणार होते. शांतवननं खिशातून माझं पाकीट काढलं. मी ते ओळखलं आणि माझ्या टाक्यांना घाम फुटला.

"सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आठवडाभर तालीम केली," तो म्हणाला. "सगळा क्रम बसवलाय. वेळही पाळणार."

मी "अरे, ते..." म्हणेपर्यंत त्यांनी सूर लावला. पहिलं गाणं नदीपलीकडच्या किनाऱ्याचं. चार सुरांत, सुरेख आणि अत्यंत संथ. वॉर्डातले पेशंट उठून बसले. उठता येत नव्हतं त्यांनी माना वळवल्या. सुमती माझ्या पायाशी उभी होती. तिनं एकदा गाणं ऐकलं, एकदा माझा चेहरा बघितला, शांतवनच्या हातातल्या कागदावर माझं अक्षर बघितलं, आणि तिला सगळं उमगलं. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. मलाही हसू आलं आणि मी उशी घट्ट धरली. बायपासनंतर पाचव्या दिवशी हसण्याइतकी वाईट शिक्षा नाही.

"मास्तर," हिराजीदादा हळूच म्हणाले, "गानं लय गोड हाय. पन हे तुमाला परतीरावर का सोडून ऱ्हायलेत? आताच तं पान्यातून भायेर काढलाय."

शांतवननं पवित्र शास्त्र सुमतीच्या हाती दिलं. क्रमात तिचं नाव होतं ना! मी खुणेनं नको म्हटलं, पण तिला आता चेव आला होता. ती वाचायला लागली. माणसाचे दिवस गवतासारखे आहेत. शेतातल्या फुलासारखा तो फुलतो, वारा वरून जातो आणि ते नाहीसं होतं, त्याची जागाही त्याला ओळखत नाही.

इथे माझा बोट वर करायचा रिवाज होता. वाचणाऱ्याला मी इथेच थांबवायचो. वेळ वाचायचा, आणि कबरीजवळ तेवढं पुरे असतं असं मला वाटायचं. सवयीनं माझं बोट वर गेलंसुद्धा. सुमतीनं ते बघितलं आणि सरळ पुढे वाचत राहिली. पण परमेश्वराची दया युगानुयुग राहते, ती मुलांच्या मुलांपर्यंत पोचते.

किती वर्षं मी लोकांना गवतावर सोडून घरी पाठवलं होतं! उन्हात उभ्या असलेल्या, आपलं माणूस मातीत ठेवून आलेल्या माणसांना. पुढच्या ओळीला अर्धं मिनिटही लागत नाही.

मग शांतवन चार शब्द बोलायला पुढे झाला. मला वाटलं, मंडळीतली सेवा, शिस्त, वक्तशीरपणा हे सगळं येणार. तो म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. माती देऊन झाली, सगळे निघाले. सर थर्मास घेऊन आले. त्यांनी तो कबर खणणाऱ्यांसाठी आणला होता. पहिला कप त्यांनी मला दिला. म्हणाले, आधी चहा पी, मग रड. मी प्यायलो आणि मग रडलो. सर माझ्या शेजारी मातीत बसून होते. त्या दिवशी सरांनी घड्याळ बघितलं नाही. मला सरांचं तेवढंच सांगायचंय."

मला हे काही आठवत नव्हतं. खरंच नाही. त्याच्या आईचं दफन मला आठवत होतं ते वेळेत झालं म्हणून. ज्या गोष्टीची मी मनात नोंदही ठेवली नव्हती, ती त्यानं इतकी वर्षं जपली होती. आणि मी ज्यांची आठवण ठेवली, त्या मिनिटांविषयी कुणाला काहीच म्हणायचं नव्हतं. मी रडलो, उशी धरून, सगळ्यांसमोर. या वेळी कारण होतं.

शेवटचं गाणं त्यांनी म्हटलं तेव्हा हिराजीदादा बोटांनी खाटेच्या कडेवर ताल धरत होते. सगळं संपल्यावर मी शांतवनला जवळ बोलावून खरं काय ते सांगितलं. तो पांढराफटक पडला. "सर, म्हणजे मी तुमचा... जिवंतपणी..."

"अरे, बरं केलंस," मी म्हणालो. "नंतर केला असतास तर मला काय ऐकू आलं असतं?"

आठव्या दिवशी मला घरी सोडलं. तीन मजले चढायला अकरा मिनिटं लागली, प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवली होती. जबडा दुखला नाही. महिन्याभरानं पुन्हा टूडी एको केली, इजेक्शन फ्रॅक्शन अठ्ठेचाळीस आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता रोज अर्धा तास चाला, मीठ कमी करा आणि मला कमी वेळा भेटा." मी रोज सकाळी विचुंब्याच्या दिशेनं चालतो. आमचे दिवस मोजायला आम्हाला शिकव, अशी त्याच स्तोत्रात एक विनवणी आहे, सत्तर-ऐंशीच्या थोडी पुढे. ती जिवंत माणसानं करायची विनवणी आहे, हे कबरीजवळ वाचून कसं कळावं? मी आजवर उलटे मोजत होतो, सत्तरला किती उरले ते. आता सरळ मोजतो.

सत्तराव्या वाढदिवसाला घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. आमच्याकडे दुखण्यातून उठलं, की मंडळीला घरी बोलावून देवाचे आभार मानतात, त्याला हे नाव. हिराजीदादा मुलाला घेऊन आले, हातात पापलेटांची पिशवी. "तळू नका, कालवन करा. तुमची डॉक्टरीन बोंबलंल," असं बजावून त्यांनी ती सुमतीकडे दिली. पौर्णिमेला पूजा त्यांनीच केली होती. शास्त्रवाचन मी केलं. गवतापाशी कुणीतरी सवयीनं माझ्या बोटाकडे बघितलं असेल. मी पुढची ओळ वाचली, मग तिच्या पुढचीही. स्टॉपवॉच खिशात होतं, पण मी ते लावलं नव्हतं.

जाताना शांतवननं पाकीट परत केलं. "सर, हे तुमच्याकडे ठेवा. माझा काही भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कागद घेऊन बसलो. लागणार तर आहेच कधीतरी, नीट करून ठेवावा म्हटलं. वर स्वच्छ अक्षरात 'माझा दफनविधी' असं लिहिलं. या वेळी हात धजला. संथ गाणं काढून जरा चालीतलं घातलं. शास्त्रवाचनापुढे 'शेवटपर्यंत' असं लिहिलं. सगळी मिनिटं खोडली. तारखेची जागा मोकळी ठेवली, ती माझ्याकडची नाही. मग कागद सुमतीला दाखवला.

तिनं चष्मा लावून दोनदा वाचला. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि अगदी वर, पहिल्या गाण्याच्याही आधी, आपल्या अक्षरात एक ओळ घातली: 'सर्वांना चहा.'

"आधी?" मी विचारलं.

"आधी," ती म्हणाली. "मग रडतील." आणि आमच्या दोघांचा चहा टाकायला ती उठली.